रंगनाथरावांची गंधदाणी

त्या वर्षापासून सांगलीत मेलेली माणसं घरी परत यायला लागली, तीही भंगाराच्या दुकानातून.

जप्त केलेल्या जुन्या व्हेपचे ढीग भंगारात निघाले होते. व्हेप म्हणजे विजेवरची सिगारेट. आत कापसाची वात, वातीभोवती तारेचं वेटोळं. वेटोळं तापलं की वातीतल्या द्रवाची वाफ होते. त्यात तंबाखूच्या अर्काऐवजी माणूस भरता येतो, हे कुणाच्या तरी लक्षात आलं. प्रत्येकाच्या अंगाचा वास म्हणजे काही शे रेणूंचं ठरावीक मिश्रण. न धुतलेला कपडा प्रयोगशाळेत दिला की यंत्र ते मिश्रण वाचतं आणि तसाच अर्क बनवून देतं. तार मंद तापेल अशी जुळणी करायची, अर्क भरायचा, झाली गंधदाणी. लोक घरीच करत. कुणी आजोबा टॉर्चच्या नळीत बसवले, कुणी आत्या कुकरच्या शिट्टीत.

मंदाकिनीबाई जगदाळ्यांकडे नवऱ्याचा कपडाच उरला नव्हता. तेराव्याच्या आधीच जावांनी सगळं धुऊन वाटून टाकलं होतं. सापडली ती एक कानटोपी. रंगनाथराव ती मे महिन्यातही घालत आणि धुवायला काढली की जेवत नसत. त्यांची भाची अश्लेषा वासांवरच संशोधन करायची. तिने मामाला कानटोपीतून उतरवून घेतलं. खोबरेल, विडी, दमट लोकर आणि त्याखाली मामा. गंधदाणी दिवसातून दोनदा वाफ सोडून आपोआप बंद व्हायची. हे असंच राहू दे, असं तिने मामीला बजावलं होतं.

पण नवऱ्याने दोनदा येऊन जावं, हे मंदाकिनीबाईंना पटेना. त्यांच्या माहेरी देवापुढे नंदादीप असायचा. तो विझू देणं म्हणजे घात. एके दुपारी त्यांनी चष्मा लावून गंधदाणी उघडली, बंद करणारी चकती चिमट्याने उपटली, वात जाड केली आणि तारा मोबाइलच्या चार्जरमधून इन्व्हर्टरला जोडल्या. रंगनाथराव अखंड सुरू झाले.

आठवडाभर सुख झालं. मग वास विरत गेला. अर्क वाढवला, तरी विरला. यंत्र बिघडलं म्हणून त्यांनी अश्लेषाला बोलावलं.

अश्लेषा उंबऱ्यातच थांबली. एक चप्पल पायात, एक हातात. चेहरा एकदम शाळेतल्या पोरीसारखा झाला.

"मामी, जिन्यापासूनच आहे गं तो. खालचा कुत्रा पायरीवर शेपटी हलवत बसलाय."

मंदाकिनीबाईंनी हवा हुंगली. कोरी.

चहा घेताना अश्लेषाने समजावलं. नाक वॉचमनसारखं असतं. नवा कुणी आला तर हटकतं, रोजच्याला मुकाट्याने आत सोडतं. मामा तर आता मामीच्या केसांत, पदरात, उशीत मुरला होता. बाहेर जाऊनही उपयोग नव्हता. गंधदाणी बंद करायची, सगळं धुवायचं, महिनाभर थांबायचं. मग नाक त्याला पुन्हा नवा समजेल.

"महिनाभर विझवून ठेवू?"

"परत लावायचाच आहे ना, मामी."

"एकदा विझलेले बघितलेत मी त्यांना."

अश्लेषाने विचारलं, मामा होता तेव्हा तुला त्याचा वास कधी यायचा? मंदाकिनीबाईंनी बराच वेळ आठवून पाहिलं.

"गावी राहून आले की. दारात, तेवढाच."

बाकीचा सगळा संसार कोरा निघाला.

त्यांनी विषय बदलला. आत्ता कसे आहेत ते सांग, म्हणाल्या. अश्लेषाने हुंगून सांगितलं, तेल कमी, विडी जास्त. मामी हसल्या, चोरून ओढत असणार. दुसरा चहा झाला. त्या अश्लेषाच्या तोंडाकडेच बघत बसल्या होत्या. ते तोंड हळूहळू साधं होत गेलं. मग अश्लेषाने फोन काढला.

"अजून आहेत ना गं?"

"आहे की," अश्लेषा म्हणाली, आणि तिने गुपचूप दोनदा हुंगलं.

मंदाकिनीबाईंनी तिच्या हातातला कप काढून घेतला.

"तुझं झालं आता. नीघ, बस मिळेल."

ती गेल्यावर त्यांनी दार सताड उघडलं. वरच्या मजल्यावर नवे भाडेकरू येत होते. एकजण डोक्यावर गादी घेऊन जिना चढत होता. त्यांनी त्याला थांबवलं. आत नको, नुसतं उंबऱ्यात उभं राहा, दोन मिनिटं.

तो बिचारा गादीसकट उभा राहिला. मग त्याने आतल्या रिकाम्या पलंगाकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"आजोबा झोपलेत का?"