भरल्या अंबारखान्याचा गड

फाल्गुन सरत आला होता. पूर्वेच्या डोंगरांमागे तांबडं फुटलं, तसा मोरजाईगडाचा बालेकिल्ला आधी उजळला, मग तट, मग माची, आणि सर्वांत शेवटी पायथ्याचा तो मोगली खानाचा तळ, ज्याच्या राहुट्या गेले पाच महिने गडाला गराडा घालून बसल्या होत्या. रोजच्या रिवाजाप्रमाणे गडाचे हवालदार हैबतराव कणसे महादरवाजावर आले, त्यांनी हात उंचावला, आणि तटावरून चार सुपं कोंडा खाली उधळला गेला.

ही हैबतरावांचीच युक्ती. गडावर तांदूळ उखळात दोनदा सडायचा, पांढराशुभ्र होईतो, आणि निघालेला कोंडा गनिमाच्या डोळ्यांदेखत वाऱ्यावर सोडायचा, म्हणजे अंबारखाना भरलेला आहे हे त्याला न सांगता कळावं. दुभती जनावरं वेढा आवळण्याआधीच खाली उतरवली होती. दुसऱ्या महिन्यात काही बायका तटाखालच्या उतारावर शेवग्या-हादग्याचा पाला ओरबाडताना दिसल्या, तेव्हा खालच्या मोर्चातून कोणी खदखदून ओरडला होता, "मराठ्यांच्या शेळ्या झाल्या, पाला खाऊ लागले." ते शब्द हैबतरावांच्या जिव्हारी लागले. त्याच दिवशी हुकूम सुटला की पाल्यासाठी कोणी तटाबाहेर पाऊल टाकील तर गाठ हवालदाराशी आहे. तेव्हापासून गडावर दोन्ही वेळा भात आणि मीठ, मीठ आणि भात.

पोटं भरत होती आणि माणसं मात्र खंगत होती. गड्यांच्या हिरड्यांतून रक्त येई, पाय सुजत, जखमा चिघळत आणि लेकरं किरकिरी झाली होती. हैबतराव म्हणत, उन्हाळा बाधतोय. पोटभर जेवून माणूस खंगतो, ही गोष्ट त्यांच्या हिशेबीच नव्हती. खरं सांगायचं तर एक गोष्ट त्यांना ठाऊक होती आणि ती त्यांनी स्वतःपासूनही लपवली होती. गेला महिनाभर दिवेलागण झाली की त्यांना दिसेनासं होई. समई पेटलेली कळे, तिच्यापलीकडचा माणूस कळत नसे. गुडघा धरल्याचं निमित्त करून त्यांनी संध्याकाळची गस्त नाईकांवर सोपवली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आदल्या सांजेला पश्चिमेच्या बुरुजाखाली गनिमाने दोराच्या शिड्या लावल्या. त्या बुरुजावर खंडू खोमणे हा रामोशी नाईक उभा होता, वीस वर्षं त्याच जागेवर जागलेला. त्याने हाक दिली नाही. लोखंडी आकडा दगडावर खणखणला तो शेजारच्या चौकीने ऐकला, मारामारी झाली, शिड्या तोडल्या, गड वाचला. पण गडाची सहा माणसं कामी आली.

कोंडा उधळून हवालदार सदरेवर आले, तेव्हा खंडूला मुसक्या बांधून उभं केलं होतं.

"नाईक," सबनीस नारोपंत म्हणाले, "तुमच्या पायाखालून शत्रू चढला. तुम्ही खानाला सामील होता की झोपला होता, एवढंच सदरेला समजावं."

"झोपलो न्हवतो जी."

"मग पाहिलंत?"

खंडू खाली बघत राहिला. "म्या बघितलं न्हाई."

"जागे होतात आणि पाहिलं नाही, हा जबाब कोणी मानावा?"

यापुढे खंडू बोलेना. पहारा हे रामोशाचं वतन. रात्री दिसत नाही असं जो रामोशी चारचौघांत कबूल करील, त्याच्या मुलालेकरांनाही पुढे कोणी बुरुजावर उभं करणार नाही. त्यापेक्षा मरण पत्करलं. हैबतरावांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ साऱ्या सदरेत त्यांना एकट्यालाच लागला होता. एक शब्द बोलले असते तर उलगडा झाला असता. पण तो शब्द बोलायचा म्हणजे गडाचा हवालदार सांजेनंतर आंधळा आहे हे सांगायचं.

"हवालदारसाहेबांची आज्ञा व्हावी," नारोपंत म्हणाले. "फितुरीला शासन न झालं तर उद्या दुसरा कोणी गनिमाचा दोर वर ओढून घेईल."

"उद्या सूर्योदयी कडेलोट," हैबतराव म्हणाले. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात तसा न्याय झाला, आणि देणाऱ्याला तो तसा आहे हे पुरतं माहीत होतं.

त्या सांजेला ते सदरेवर एकटेच बसले होते. पायऱ्यांवर पावलं वाजली. "राणोजी, तांब्या इथं ठेव," ते म्हणाले.

"म्या राणोजी न्हवं," बाईचा आवाज आला. "खंडूची बायकू, भिवरा. कवाची म्होरं हुबी हाये."

हैबतरावांनी मान वळवली, तीही चुकीच्या बाजूला.

"म्हंजी मालकास्नी बी दिसत न्हाई," ती हळूच म्हणाली.

"काय हवं तुला?"

"आमच्या घरात महिना झाला, कारभारी सांजंला भिताड चाचपत येत्यात. आमची ठकी सा वरसांची. तिच्या डोळ्यावर तर पांढरं चढलंया, दिसाउजेडी बी डोळं मिटून बसती. माजी आय म्हनायची, रातांधळं आलं की बकऱ्याचं काळीज भाजून द्यावं, न्हाईतर शेवग्याचा पाला खाऊ घालावा. बकरं गडावर न्हाई. पाला हाये, पन तटाखाली. आन् तुमचा हुकूम हाये."

हैबतरावांनी समईकडे तोंड फिरवलं.

"म्या कुनाला सांगनार न्हाई जी," भिवरा म्हणाली. "तुमची अब्रू तुमच्यापाशी. माजं मानूस तेवढं सोडा."

तिने धमकी दिली असती तर त्यांना राग तरी आला असता. तिने त्यांची लाज राखायचं कबूल केलं, आणि त्याच लाजेपायी ते तिच्या नवऱ्याला कड्यावरून ढकलणार होते. "जा," एवढंच ते म्हणाले. ती रात्र त्यांना कशी गेली, ते त्यांनाच ठाऊक.

उजाडलं तेव्हा सारा गड कड्यावर लोटला होता. खंडूच्या कमरेला दोन गड्यांनी धरलं होतं. नारोपंतांनी आज्ञेसाठी हवालदारांकडे पाहिलं, आणि आयुष्यभर ज्या माणसाने कोणाहीपुढे मान खाली घातली नव्हती, तो डोक्यावरची पगडी काढून हातात घेऊन पुढे आला.

"मुसक्या सोडा," हैबतराव म्हणाले. "खंडू फितूर नाही. त्याला दिसलं नाही. त्या बुरुजावर मी असतो तर मलाही दिसलं नसतं. महिना झाला, दिवेलागणीनंतर मला समोरचा माणूस ओळखू येत नाही. हे मी लपवलं, गस्त टाळली, आणि काल या निर्दोष माणसाला मरणाची शिक्षा दिली. आता ज्यांना सांजेला दिसत नाही त्यांनी पुढे या. ज्याची मान आधी खाली गेली तो मी आहे. तुमची कोणाची जाणार नाही."

मग एक म्हातारा पहारेकरी पुढे झाला. मग दुसरा. मग चौकीच्या चौकी. चाळीसपैकी सत्तावीस पहारेकरी पुढे आले, आणि प्रत्येकाला वाटत होतं की हे गडाच्या देवीचं शासन आपल्या एकट्यालाच झालंय. रोज रात्री गडावर जी "हुश्शार" अशी हाक फिरे, ती एक आंधळा दुसऱ्या आंधळ्याला देत होता.

"त्या सहाजणांना गनिमाने मारलं नाही," हैबतराव म्हणाले. "पाला तोडायला बंदी केली, त्या माझ्या हुकुमाने मारलं."

त्यांनी टोपली मागवली. तटाखालचा उतार दिवसाउजेडी मोगली बंदुकांच्या टप्प्यात होता, आणि दिवसाच जायला हवं होतं, कारण सांजेला त्यांना स्वतःला दिसत नव्हतं. नारोपंतांनी हात धरला. "आपण गडाचे धनी. दुसऱ्या कोणाला धाडावं."

"हुकूम माझा होता, पंत. तो मोडायला मीच जातो."

दोर सोडला गेला. हवालदार उतरले, आणि मागे वळून पाहतात तो खंडू उतरत होता. ज्याच्या मनगटांवर दोराचे वळ अजून ताजे होते, त्याने न बोलता शेवग्याची फांदी खाली ओढून धरली. खालून हाळी आली, "शेळ्या आल्या, शेळ्या." मग बार झाले. एक गोळी हैबतरावांच्या खांद्यातून आरपार गेली. त्यांनी टोपली दुसऱ्या हातात घेतली आणि ती भरेपर्यंत पाला ओरबाडत राहिले. त्या दिवशी गडाच्या चुलींवर हिरवी भाजी शिजली, वर तेलाची धार पडली, आणि कोंडा उधळणं कायमचं बंद झालं.

पाला रोज वर येऊ लागला, आणि पंधरवड्यात पहारेकऱ्यांना चांदण्या दिसू लागल्या. वैशाखात गनिमाने पुन्हा सांज साधून शिड्या लावल्या, तेव्हा पहिला आकडा तटाला लागायच्या आधी खंडूची हाक उठली. शिड्यांसकट माणसं खाली गेली. ज्येष्ठात खानाने तळ उठवला.

राजधानीहून मानाची वस्त्रं आली, सोन्याचं कडं आलं, आणि खलित्यात लिहिलं होतं की सात महिने गड झुंजवून अंबारखान्यात अजून सहा महिन्यांचं धान्य शिल्लक राखलं, ही हवालदारांची शर्थ होय. नारोपंतांनी ते वाक्य खणखणीत वाचलं. हैबतरावांनी वस्त्रांना हात लावून ती तशीच तबकात ठेवली आणि ते रामोशांच्या वस्तीकडे चालू लागले.

खंडूच्या खोपटात ते जमिनीवर बसले. "नाईक, तुमच्यापुढे मला तोंड वर करवत नाही."

"म्या बी लपवलंच व्हतं सरकार," खंडू म्हणाला. क्षमा केली असं मात्र तो म्हणाला नाही.

भिवराने भाकरी आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी पुढे ठेवली. ठकी जवळ आली. तिचा उजवा डोळा वाचला होता. डाव्यावर पांढरा पडदा कायमचा बसला होता. मान एका बाजूला कलती करून तिने पाहुण्याला न्याहाळलं.

"तुमी हवालदार? तुमी बी पाला खाता?"

"खातो, पोरी."

"मग आदी का न्हाई खाल्ला?"

भिवरा तिला मागे ओढू लागली. हैबतरावांनी हाताने तिला थांबवलं.

"लाज वाटली."

"आता न्हाई वाटत?"

हैबतरावांनी तिच्या त्या पांढऱ्या डोळ्याकडे पाहिलं. "आता जास्त वाटते," ते म्हणाले, आणि मान खाली घालून जेवू लागले.