काडीची नऊ तोंडं

माझं काम सांगितलं की लोक आधी हसतात. मी बाहुल्या हलवतो. लहान मुलांसाठी नव्हे. आमची मालिका मोठ्यांची आहे, दोन-दोन मिनिटांचे विनोदी तुकडे, अधूनमधून शिव्यासुद्धा. वीतभर उंचीची बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायची. असे बारा फोटो झाले की पडद्यावर एक सेकंद सरतो. दिवसभर राबून सहा-सात सेकंद पदरात पडतात आणि घरी जाताना माझीच मान आखडलेली असते.

आमचं सगळ्यात गाजलेलं जोडपं म्हणजे जाड्या आणि काडी, नवरा-बायको. त्यांची भांडणं मी लिहितो, म्हणजे खरं तर घरून आणतो. "तुझ्या घरी माल चांगला निघतो," असं डायरेक्टर म्हणायचा आणि मी मूर्खासारखा खूश व्हायचो.

मग बायकोची आई गेली. तिथलं सगळं आटोपून परत आल्यावर ही दारात पिशवी ठेवता ठेवता म्हणाली, "आता मला रागावणारं कुणी उरलं नाही." दोन महिन्यांनी ते वाक्य काडी बोलली आणि त्यावर जाड्याने तिला रागावून दाखवलं. लोक पोट धरून हसले. हिच्या ऑफिसातही हसले, हिच्यासमोर. तेव्हापासून ही माझ्याशी कामापुरतंच बोलते. मला लाज वाटते. तरी तो तुकडा काढून टाक असं मी डायरेक्टरला सांगितलं नाही, हेही खरं.

सोमवारी जेवून स्टुडिओत परत आलो तर फोटोंचा आकडा पुढे गेला होता. जाताना दोनशे चार, आल्यावर दोनशे अठ्ठावीस. खोलीची किल्ली माझ्याच खिशात. कॅमेऱ्याचं काहीतरी बिघडलं असेल, असं पुटपुटत जास्तीचे फोटो पुसायला घेतले आणि पुसण्याआधी एकदा चालवून पाहिले. काडी मान वळवून कॅमेऱ्याकडे बघत होती आणि बोलत होती. हालचाल इतकी सफाईदार होती की मला आधी हेवा वाटला, भीती नंतर.

काडीला नऊ तोंडं आहेत. मिटलेलं, उघडं, गोल, दात दिसणारं, अशी. एक चेहऱ्यावर चुंबकाने चिकटवायचं, बाकीची डबीत. आवाज आधीच रेकॉर्ड झालेला असतो; त्यातल्या अक्षराअक्षराला मी तोंड बदलतो. अकरा वर्षं हेच केल्यावर नुसती तोंडं बघूनही बोलणं कळतं. काडी म्हणत होती, "गॅलरीतली खुर्ची काढून टाक."

संध्याकाळी भांडी पुसताना, माझ्याकडे न बघता ही म्हणाली, "गॅलरीतली खुर्ची काढून टाक."

"का गं?"

"आई आली की तिथेच बसायची. बघवत नाही."

मी खुर्ची उचलून माळ्यावर टाकली. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर.

मंगळवारी बाहुल्यांचे कपडे शिवणाऱ्या मावशी काडीचा कोट बदलायला आल्या. त्यांनी तिला उलटी धरली आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"हिला एवढी कधी चालवलीस रे?"

"चालवत नाही हो, मावशी. या तुकड्यात ती खुर्चीतच बसलेली असते."

त्यांनी काडीचे तळवे माझ्यापुढे धरले. बुटांचे तळ झिजून आतलं कापड दिसत होतं. मावशींनी काडीला टेबलावर ठेवलं आणि त्या हात धुऊन आल्या.

बुधवारी मी जेवायला जाणारच नव्हतो. बूड खुर्चीला टेकत नव्हतं. उठून दाराची कडी तपासायचो, पुन्हा बसायचो. डायरेक्टरने दुसऱ्या खोलीत बोलावलं म्हणून दार ओढून गेलो. दहा मिनिटं. परत आलो तर शहाण्णव फोटो जास्तीचे.

काडी खुर्चीतून उठली. दाराजवळ गेली. वळली.

"उद्या मी जातेय. शोधत येऊ नकोस."

ही गेली तर त्या घरात मी एकटा काय करू? माफी मागावी, धावत घरी जावं, हे सुचायला हवं होतं. मला सुचलं ते माझ्या धंद्यातलं.

बाहुली पडू नये म्हणून टेबलाखालून तिच्या तळव्यांत स्क्रू घालतात. मी काडीला उभी केली आणि दोन्ही स्क्रू आवळले. हात दुखेपर्यंत आवळले. मग चेहऱ्यावरचं तोंड काढलं. डबीतली आठही काढली. नऊच्या नऊ खिशात घातली.

घरी पोचलो तेव्हा पाच वाजले होते, खिडकीत लख्ख ऊन होतं. ही हॉलच्या मधोमध उभी होती. पायाशी उघडी बॅग, हातात घडी घातलेला कोट.

"ऐक ना," मी म्हणालो. "माझं चुकलं."

मग सगळंच बोललो. ऑफिसातलं हसणं, तिची आई, माझा हलकटपणा. तिने एकदाही मधे तोडलं नाही. मला किती हलकं वाटलं!

"बस ना आता."

ती बसली नाही. मी दंडाला धरून ओढलं. पाय जमिनीवरून सुटले नाहीत.

ओठ मिटलेले होते. बोटाने उघडून पाहिले. उघडेनात.

डोळे तेवढे माझ्याकडे बघत होते.

आज शनिवार. स्टुडिओ पायी पंधरा मिनिटांवर आहे. स्क्रू सैल करायला एक मिनिटही लागणार नाही. सैल केले की ही जाईल, हे मला पक्कं ठाऊक आहे. तासातासाने मी बूट घालतो, जिन्यापर्यंत जातो आणि परत येतो.

सकाळी ऊन तिच्या डोळ्यांवर येत होतं, म्हणून दोन बोटांनी तिची हनुवटी धरून मान थोडी वळवली. गाल कोमट होता. मान वळवली तेवढीच वळली आणि तिथेच राहिली.