उजव्या खांद्याचा फोटो

माझ्या लेकीला घरात सगळे भिंगरी म्हणतात. भिंगरीला एक्स-रेच्या टेबलावर गप्प झोपवणं म्हणजे काय दिव्य असतं ते मला विचारा, कारण एक्स-रे काढणं हीच माझी नोकरी आहे. म्हणून तिच्या उजव्या खांद्याचा पहिला फोटो विचित्र आला तेव्हा मला नवल वाटलं नाही. हलली असेल कार्टी, असं म्हणून मी तो पुसून टाकला.

खांदा दुखतो ही तिची तक्रार आबा गेल्यानंतरची. आबा म्हणजे माझे वडील. तिला शाळेत नेणं-आणणं त्यांच्याकडे होतं. मणके झिजून त्यांची पाठ इतकी वाकली होती की चालताना त्यांना फक्त स्वतःच्या चपला दिसायच्या. त्यांचा लोंबता हात आणि दुसरीतल्या पोरीचा हात एकाच उंचीला यायचे. "बरं झालं वाकलो," म्हणायचे, "पोरीला हात वर करावा लागत नाही." त्यांच्या पाठीचे फोटोही मीच काढले होते. दर वेळी पाठ आणखी गोल आलेली असायची आणि दर वेळी मी "तसंच आहे हो आबा" म्हणायची.

आबा गेल्यावर सकाळी मी तिच्याबरोबर निघू लागले. शाळा आणि माझा दवाखाना एकाच रस्त्यावर, घराकडून जाताना मधे एक मोठा चौक. तिथे मी उजवा हात धरायला गेले की ती पटकन वळसा घालून डावा पुढे करायची.

"हा रिकामा नाही," उजव्याबद्दल सांगायची.

पोरांचे खेळ. मी फार लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या फोटोच्या वेळी मात्र मी कसलीच कसर ठेवली नाही. तिला पाठीवर निजवलं, हात अंगालगत सरळ ठेवला, मनगटावर वाळूची पिशवी ठेवली आणि श्वास रोखायला सांगितला. ती खरंच पुतळ्यासारखी पडून राहिली.

इथे थोडं हाडांचं सांगायला हवं. पाठीवर खांद्यामागे जे तिकोनी पातळ हाड असतं, तो फरा. हात खाली असला की फऱ्याचं टोक खाली असतं. हात डोक्यावर नेला की तेच टोक बाहेर, काखेकडे फिरतं. हात आणि फरा बैलजोडीसारखे एकत्र चालतात. एक घरी आणि एक रानात, असं होत नाही.

फोटोत दंडाचं हाड खाली होतं, पिशवीखाली ठेवलं होतं तसंच. फरा बाहेर फिरलेला होता, वर केलेल्या हाताचा असतो तसा.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो पाहिला आणि माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "बाई, दोन पेशंट एकावर एक निजवलेत की काय?"

"एकच निजवताना नाकी नऊ आले, डॉक्टर."

त्यांनी भिंगरीच्या पाठीवर तळवा ठेवला, हात वर-खाली करायला लावला. तळव्याखाली सगळं जागच्या जागी होतं. मग त्यांनी विचारलं, "हिला हातांना धरून झोके देतं का कुणी? दोघं दोन बाजूंनी, एक-दोन-तीन करून?"

"हिचे बाबा परगावी असतात. सुट्टीत आले की देतो आम्ही."

"बंद करा. एवढ्या पोरांचे सांधे सैल असतात."

भिंगरीचं तोंड एवढंसं झालं. जगात तिला त्या झोक्याहून प्रिय काही नव्हतं. फोटोबद्दल डॉक्टर म्हणाले, "मशीन तपासून घ्या." मशीनवाला आला, तपासून गेला. मशीन ठणठणीत होतं.

घरी मी आईला हे सांगितलं ते वैतागून सांगितलं. आई भाजी निवडत होती. तिचा हात थांबला.

"अगं, तेच धरत असतील तिचा हात," ती म्हणाली. "करमत नसेल त्यांना."

"आई, मी दिवसभर हाडं बघते. भुतं बघायला मला कुणी पगार देत नाही."

पण खरं सांगते, मला बरं वाटलं. रात्री उशीत तोंड खुपसून रडले आणि सकाळी उठले ती हलकी होऊन. आबा आहेत, नातीला चौक ओलांडून देताहेत, यात वाईट काय आहे? चौकात पोचल्यावर मी तिचा डावा हातही सोडून दिला.

"जा," म्हटलं, "आबांचा हात सोडू नकोस हं."

ती गेली. गाड्या थांबल्या. ती पलीकडच्या फुटपाथवर चढली आणि मागे वळून हसली. त्यानंतर मी रोज अलीकडेच थांबू लागले.

खांदा दुखायचा मात्र थांबेना. उलट रात्री झोपेत ती कण्हू लागली. मग एका दुपारी शाळेतून परस्पर दवाखान्यात आणून मी तिसरा फोटो काढला.

फरा आता पुरता फिरला होता. हात सरळ आभाळाकडे केल्यावर फिरतो तेवढा. आणि दंडाच्या हाडाचा गोळा खोबणीतून जरा सुटून उभा होता, मधे काळी फट. अशी फट मी वजनाने ओढल्या गेलेल्या हातांत पाहिली आहे.

मला आबांची आठवण आली. का कोण जाणे, मी त्यांचा जुना फोटो उघडून शेजारी लावला. ती गोल पाठ, छातीत रुतलेली हनुवटी.

मी बराच वेळ दोन्ही फोटो बघत बसले. मग लक्षात आलं.

एवढ्या वाकलेल्या माणसाला तिचा हात इतका वर धरता आला नसता. चालताना मलाही आला नसता. त्यासाठी आमच्या एक्स-रेच्या खोलीच्या दारातून वाकून आत यावं लागेल, एवढी उंची हवी.

मी तिला फ्रॉक घालत होते. आवाज शक्य तेवढा साधा ठेवला.

"भिंगरे, आबा आता ताठ चालतात का गं?"

"आबा कुठे आहेत?"

"तुझा हात धरतात ते."

"ते आबा नाहीत काही," ती म्हणाली. "आबा तू आणि आजी म्हणता."

"मग कोण आहे?"

तिने खांदे उडवले. एकच उडाला, डावा.

"तोंड दिसत नाही. खूप वर आहे."

फ्रॉकची बटणं मला लावता येईनात. शेवटी तीच लावत बसली. मी तिचा डावा हात धरला, दवाखाना बंद व्हायला वेळ होता तरी तशीच घरी निघाले. माझा तळवा घामाने भिजला होता. निसटेल म्हणून मी तिची बोटं माझ्या बोटांत अडकवून घेतली.

"आई, दुखतंय."

"दुखू दे."

चौकात माणसं उभी होती. ऊन होतं. तिच्या उजवीकडे जागा मोकळी होती आणि तिथे कुणी उभं राहत नव्हतं.

भिंगरीने एकदा त्या बाजूला वर पाहिलं, मग माझ्याकडे. तिचा चेहरा उजळला.

"आई, आज दोघं आहात!"

"भिंगरे, नाही. डॉक्टरांनी नको सांगितलंय—"

"एक," ती म्हणाली. "दोन."

आणि तिने दोन्ही पाय उचलले.

माझ्या हातावर तिचं अर्धंच वजन आलं.

मी तिला लगेच खाली ठेवलं. दुसऱ्या बाजूने ठेवायला जरा वेळ लागला.