बाटलीतले बुडबुडे

हितेंद्र जामनेरला वीज गेल्यावर लागणारा ऑक्सिजनचा सिलिंडर भरून आणायला निघाला तेव्हा मार्चमधली स्वच्छ दुपार होती. केळीच्या बागेतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात सगळं नेमानं चाललं होतं. त्याची सहा वर्षांची मुलगी मयुरी निमोनियापायी तीन आठवडे दवाखान्यात काढून आली होती. फुप्फुसं अजून दुबळी होती, म्हणून डॉक्टरांनी महिनाभर घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं होतं. हवा आधी पाण्याच्या बाटलीत बुडबुडायची, मग नळीनं पोरीच्या नाकात जायची. तिची आई दिपमाला भाकरी थापत असली तरी तिचा एक कान त्या बुडबुडण्याकडेच असायचा.

तीनच्या सुमारास वादळ उठलं. केळीची पानं टराटरा फाटू लागली, पत्रे थडथडले, अन् वीज गेली. मशीन एकदा कण्हलं आणि बंद पडलं.

तिनं हितेंद्रला फोन लावला. रस्त्यात बाभूळ आडवी पडली होती. तो सिलिंडर मोटारसायकलला बांधून शेतांतून वाट काढत होता. अर्धा तास तरी लागेल म्हणाला. मयुरीच्या बोटाला लावलेल्या, ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्यावरचा आकडा त्र्याण्णववरून पंच्याऐंशीवर उतरला. ओठ निळसर दिसू लागले. दिपमालानं तिला छातीशी उभं धरलं, पाठ चोळली...

आणि मागे बाटली बुडबुडली.

वीज आली असं तिला वाटलं. पण पंखा थांबलेलाच होता, मशीनवरचा दिवा विझलेलाच. तिनं पिन उपसून पाहिली. बुडबुडे चालूच. मशीनसारखे अखंड नव्हते ते. भरभर यायचे, थांबायचे, अन् त्या थांबण्यात मशीनच्या पाठीमागून, भिंतीलगतच्या काळोखातून, कुणीतरी छातीभर हवा ओढून घेतल्याचा आवाज यायचा. खोलीत ओल्या मातीचा वास दाटला. बाहेर अजून एक थेंबही पडला नव्हता.

"आई... कोन हाये?" मयुरीनं विचारलं.

दिपमालाच्या अंगावर काटा आला. ती मशीनमागं बघायला वाकली, तसे बुडबुडे थांबले. आकडा ब्याऐंशीवर आला.

ती झटकन वळली. मशीनकडे पाठ करून बसली, पोरीचं डोकं खांद्यावर घेतलं आणि हळूच म्हणाली, "नाही बघत मी. तू चालू दे..."

काही वेळ नुसता वारा. मग एक बुडबुडा. मग पुष्कळ.

आकडा चढू लागला. शहाऐंशी, एकोणनव्वद, एक्क्याण्णव. पण मागचा श्वास हळूहळू आखूड होत चालला, दमत चालला. तेव्हा दिपमाला स्वतःच मोठमोठ्यानं श्वास घेऊ लागली, कुणाला तरी ताल धरून द्यावा तशी. "थोडंच राहिलं," ती म्हणत राहिली, "थोडंच..." भीती कुठल्या कुठे गेली होती. तिघं मिळून एकच काम करत होते.

मोटारसायकल दारात आली आणि बाटलीतलं पाणी निवांत झालं. हितेंद्रनं धुळीनं माखलेल्या हातांनी सिलिंडर जोडला. दिपमाला इतकी हसली की तो घाबरला. पंधरा दिवसांनी तिनं त्याला सगळं सांगितलं. तो उठून मशीनमागची भिंत हातानं चाचपून आला.

एप्रिलमध्ये डॉक्टरांनी फुप्फुसं साफ झाल्याचं सांगितलं, मशीन परत गेलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कडुलिंबाला झोका बांधला. मयुरी वाऱ्यावर उंच जात खिदळत होती आणि तिला धाप लागत नव्हती, हे बघून हितेंद्र भर दुपारी डोळे पुसत उभा राहिला. बाजारातून आणलेली पिपाणी पोरीनं दिवसभर फुंकली.

संध्याकाळी ती बागेच्या तोंडाशी उभी राहून फुंकायला लागली, तर आतून उत्तर आलं. तोच सूर, जरा लांब श्वासाचा. प्रतिध्वनी असेल, हितेंद्र म्हणाला. पण केळीच्या बागेत आवाज घुमत नाही, मुरतो. हे त्यालाही ठाऊक होतं. मयुरी मात्र आनंदानं उड्या मारू लागली.

दिपमालानं दुसऱ्या दिवशी आणखी एक पिपाणी आणली आणि पहिल्या ओळीतल्या केळीला सुतळीनं बांधली. तिच्या आत एवढी माया दाटली होती की रिकाम्या हातानं तिथं जाणं तिला बरं वाटेना.

सकाळी ती बघायला गेली. वैशाखाच्या कोरड्या हवेत पिपाणीचं तोंड ओलं होतं, आणि प्लास्टिकवर पुढच्या चार इवल्या दातांचे ठसे उमटले होते. मयुरीचे पुढचे दात पाडव्यालाच पडले होते.