गोष्टीत उघडलेलं दार

काम म्हटलं तर एवढुसं होतं. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या, त्या पोचवायच्या आणि जमलं तर आपली गोष्ट छापून आलेला मासिकाचा अंक दाखवून परत फिरायचं. डिसेंबरातला दुसरा शनिवार. दुकान बंद करून निघेपर्यंत दहा वाजून गेले होते.

वीज गेली होती म्हणून सगळे गच्चीवर बसलेले, तेव्हा काकांनी पुतण्यांना हे सांगितलं. गोळ्या घेऊन आईकडे निघालेला हा त्यांचा दोस्त, औषधाच्या दुकानात कामाला. डॉक्टरांची अक्षरं लावता लावता माणूस लेखक झाला, म्हणून सगळे त्याला लेखकराव म्हणायचे. पोरं हसली. काका म्हणाले, हसा, पण त्याची ती गोष्ट वाचून मीसुद्धा रडलोय.

गोष्ट त्याच्या ताईची होती. सासरचा मार सोसेना म्हणून ती एका रात्री माहेरी येते, आई दार उघडते, तिला पोटाशी धरते. लेखकरावाला बक्षीस मिळालं, अनोळखी बायकांचे फोन आले. खरं काय घडलं ते घरातल्या दोघांनाच ठाऊक होतं. लोक काय म्हणतील म्हणून आईनं कडी काढलीच नव्हती. मिसरूड फुटलेला हा धाकटा भाऊ तिच्या मागे उभा राहून नुसता ऐकत होता. ताई आल्या पावली परत गेली, आणि आठवडाभरात ती गेल्याचाच निरोप आला.

आई आता लांबलचक गॅलरीच्या टोकाच्या त्याच खोलीत एकटी राहायची. शेजारच्या खोल्यांना कधीची कुलपं. त्यानं गोळ्या दिल्या आणि अंक हळूच पुढे केला. डोळ्यांना दिसत नाही, तूच वाच, ती म्हणाली. तिच्या मनावरचं ओझं थोडं तरी उतरेल, अशी त्याला भाबडी आशा होती. आपलंही.

तो वाचत गेला. ताईचा निळा स्वेटर. बंद तुटलेली पिशवी. तिची दार वाजवायची रीत... कडी वाजवायची नाही, तळहातानं थापटायची. लहानपणी याला निजवायची, तसं.

"आईनं दार उघडलं," त्यानं वाचलं.

आणि दारावर थाप पडली.

हळू. तळहाताची. थप... थप... थप...

त्यानं अंक खाली ठेवला. वारा असेल. शेजारी असतील. शेजारी... कुणी नव्हतंच.

"उघड," आई म्हणाली.

"कुणी नाहीये, आई."

"उघडलं म्हणून तूच लिहिलंस ना? तेच ऐकून आली असेल पोर."

थप... थप...

आई उठली. भिंत धरत निघाली. तो धावला. दाराला पाठ लावून उभा राहिला, तिचे दोन्ही हात घट्ट धरले. पाठीवर थाप जाणवत होती. लाकडातून. मऊ. निजवल्यासारखी.

"तेव्हा मी लोकांना घाबरले रे. तू आता कुणाला घाबरतोस?"

त्यानं पाठ आणखी रेटली.

थाप थांबली.

मग काही नाही. बराच वेळ... काहीच नाही.

आईनं हात सोडवून घेतले. "गोष्टीत तेवढी चांगली केलीस मला," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

उजाडल्यावर त्यानं आतली कडी काढली. दार हलेना. शेवटी काकांना फोन केला.

इथे काका जरा पुढे सरकले. पोरंही.

"मी गेलो," ते म्हणाले. "दाराला बाहेरून कडी होती. कुणी खोडी केली असेल म्हणा. पण रात्री हाच त्या दारातून आत गेला होता ना... आणि ती कडी गंजून कोयंड्याशी एकजीव झालेली. वर कोळ्याचं जाळं, जाळ्यावर धुळीचा थर. हातोडीनं तोडावी लागली मला. वर्षानुवर्षं कुणी हात लावला नसावा, अशी."