एरंडावरचा कोळी

ही गोष्ट एकोणीसशे एकाहत्तरची. सोमवारी सकाळी संशोधन संस्थेत नमुने सांभाळणाऱ्या बाईंनी खण ओढला. लाल कोळ्याची मूळ काचपट्टी जागेवर नव्हती.

लाल कोळी म्हणजे पानाखाली जाळं विणणारा, टाचणीच्या टोकाहून लहान जीव. वीस वर्षांपूर्वी संस्थेतल्या ज्येष्ठ संशोधकांनी, सरांनी, त्याची एक नवी जात जाहीर केली होती; फक्त एरंडावर, एकाच खोऱ्यात सापडणारी. पुरावा एकच, त्या पट्टीवरचा नर. परगावची संशोधिका तो तपासायला आजच आली होती.

"किल्ली तुमच्याकडेच ना?" संचालकांनी विचारलं.

"जेवणाच्या सुट्टीत खिळ्यावर असते. सगळ्यांना ठाऊक आहे."

"संध्याकाळपर्यंत पट्टी मिळाली नाही, तर उद्यापासून येऊ नका."

बाईंची घरी वाट पाहणारं कोणी नव्हतं. हे खणच त्यांचं गणगोत.

संचालकांची नजर वळताच संशोधिका म्हणाली, "मी कशाला चोरू? पट्टीशिवाय माझी खेपच फुकट!"

सर खिडकीशी बसले होते. त्यांनी चष्मा काढून तसाच खिशात कोंबला. चष्म्याचं घर टेबलावर आडवं होतं.

"कोणी नेली असेल, सर?" बाईंनी विचारलं.

"म्हातारपणी वस्तूही साथ सोडतात, बाई."

बाई दारापर्यंत गेल्या आणि परतल्या.

"उघडा चष्मा खिशात ठेवला म्हणून तुम्ही मला एकदा दिवसभर बोल लावले होते. आज चष्म्याच्या घरात दुसरंच कोणी राहतंय. खिशात उभी ठेवली तर जुन्या पट्टीतला नमुना घसरतो, म्हणून हे घर आडवं. हे इथे तुम्हाला नि मलाच माहीत."

बाईंनी घर उघडलं. आतली पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली.

"नर कुशीवर असला तरच त्याचं लिंग दिसतं, जात कळते. हा तर पालथा! मग चित्र कशावरून काढलंत?"

"मनानेच." सर म्हणाले. "वाटलं, दुसरा नर सापडेल. वीस वर्षं एरंड धुंडाळले. दर वेळी तोच, शेकडो झाडांवर जगणारा, जगभर पसरलेला साधा कोळी."

"आणि माझी नोकरी?"

"तुमचा विचारच मनात आला नाही, बाई."

सरांनी स्वतःच संचालकांना सांगितलं. त्यांनी जाहीर केलेली जात मोडीत निघाली. संशोधिकेने मात्र आपल्या लेखात त्यांचं नाव आदराने छापलं. सर अंगणात एरंड लावून एकटेच राहिले. बाईंनी पुढे अकरा वर्षं खण सांभाळले.

सर गेल्यावर त्यांच्या भाच्याने चष्म्याचं घर बाईंना आणून दिलं. रिकामंच होतं. तरी बाईंनी ते आडवंच ठेवलं.