दगडाला नाव

रविवारची दुपार. कडा गावात मुक्ताबाईच्या ओसरीवर सतरंजी टाकून तिघं जण कागद पसरून बसले होते. मुक्ताबाईची लेक राजनंदिनी, थोरला लेक सोमेश्वर आणि त्याची बायको सुनिता. जायचं होतं हिमालयात, सप्टेंबरात. सात दिवस पायी चालायचं आणि पाचव्या दिवशी साडेचार हजार मीटरवर थारकोट नावाची ओसाड दगडी नगरी बघायची. तिथं कधीकाळी माणसं राहायची. ती का उठून गेली, ते कुणालाच ठाऊक नाही.

राजनंदिनी कॉलेजात इतिहास शिकवायची. थारकोटचं छायाचित्र तिनं अकरावीत असताना पाहिलं, तेव्हापासून ते खूळ डोक्यात बसलेलं. आता वेळही एवढीच उरली होती. दिवाळीनंतर तिचं लग्न. सोयरीक धर्मापुरीची, घर बागायतदार, सासरा पुढारी. त्या घरच्या सुना डोंगर चढायला जात नसतात, हे कुणी बोललं नव्हतं आणि बोलायची गरजही नव्हती. यंदा नाही तर कधीच नाही, एवढं तिला पक्कं कळत होतं.

तयारी मात्र झकास चाललेली. चढताना पाठीवर वजनाची सवय व्हावी म्हणून रोज पहाटे तिघं दहा-दहा किलो ज्वारी पाठीला बांधून गावामागचा डोंगर चढायची. शेजारची चतुराबाई विचारायची, "काय गं नंदे, वर गिरणी निघाली का काय? दळन कुटं घिऊन चाललाव?" मुक्ताबाईनं तर शंभर दशम्या बांधून द्यायचं ठरवून टाकलं होतं.

घोडं अडलं ते भलत्याच ठिकाणी. ज्या पुण्याच्या संस्थेकडून जायचं, तिचा नियम असा की चौघांच्या खाली गट घेणार नाही. चौथा म्हणजे सोमेश्वरचा दोस्त अभिमन्यू, तो ऐन वेळी गाडीवरून पडला आणि पाय प्लास्टरात घालून बसला. मोबाईलवर फॉर्म भरायची मुदत त्या दिवशी पाचपर्यंत. साडेचार वाजून गेले होते.

मुक्ताबाई बाजूला शेंगा फोडत होती. तिनं तिघांकडे निरखून पाहिलं. "तिघंच कावून बसलाव रं? तीन तिगाडा, काम बिगाडा."

ती उठली, अंगणातून मुठीएवढा दगड घेऊन आली, पाण्यानं धुतला आणि सतरंजीच्या मोकळ्या कोपऱ्यावर ठेवला. कामाला तिघांनी निघू नये. निघावंच लागलं तर एक खडा सोबत घ्यावा, तो चौथा. मुक्ताबाईनं ऊसतोडीला जाताना असे कितीतरी खडे पदराला बांधले होते. मुक्कामाला पोचलं की टाकून द्यायचे, संपलं.

"घ्या, झाले चार," सोमेश्वर हसत म्हणाला. फॉर्म पुढ्यात उघडाच होता. चौथ्या रकान्यात त्यानं सुचलं ते नाव टाईप केलं, राधाकिशन. आडनाव आपलंच. वय बेचाळीस.

"नाव नको ठिवू," मुक्ताबाई म्हणाली. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "खड्याला नाव ठिवत न्हाईत, सोमा."

"कावून?"

"नाव ठिवलं की त्यो मोजल्या जातो."

"आगं, जागा धरून ठेवायची निस्ती. आठ दिसात खरा मानूस गावंल, तवा बदलून टाकू." आणि त्यानं बटण दाबलं. राजनंदिनीनं त्याला अडवलं नाही. पाचला दहा कमी होते.

खरा माणूस गावलाही. सुनिताचा भाऊ लखन यायला तयार झाला. त्यामुळं गुरुवारी संध्याकाळी नाव बदलून घ्यायला राजनंदिनीनं पुण्याला फोन लावला. लाईट गेलेली. मुक्ताबाईनं दिवा लावून देवळीत ठेवला होता, त्याच्या शेजारीच तो दगड. पावसानं पंधरा दिवस ओढ दिलेली, घरात उकाडा मी म्हणत होता, आणि हवेत कारखान्याच्या मळीचा वास कोंडून राहिला होता.

"लखन?" पलीकडची पोरगी म्हणाली. "पण तुमचा गट तर पूर्ण आहे, मॅडम. राधाकिशनकाकांनी कागद दिले की परवा."

"कुणी?"

"काका स्वतः आले होते ना. फार कमी बोलतात. बसा म्हटलं तर बसले नाहीत, दारातच उभे. आणि गंमत सांगू का, ते होते तोवर ऑफिसात इतकं गार पडलं की आम्ही एसी बंद केला. बरं, त्यांच्या वजनाच्या रकान्यात सव्वा किलो लिहिलंय. तेवढं विचारून सांगाल का…"

राजनंदिनीनं फोन हातानं झाकला आणि झालं ते सांगितलं. सोमेश्वर कसनुसं हसला, पण जागचा उठला नाही. सुनितानं देवळीतला दगड उचलला आणि लगेच खाली ठेवला. माठाला पाझर सुटावा तसा तो ओला झाला होता. तिनं बोटं पदराला पुसली. "वास येतोय," ती हळूच म्हणाली. "कधी न उघडलेल्या खोलीचा…"

मुक्ताबाई तेवढी शांत होती. "मोजल्या गेला त्यो," ती म्हणाली. "खडा घिऊन निघालेली मानसं येताना तीनच असत्यात, नंदे. तिनात त्यो बसला, तर तुमच्यातलं एक कुनीतरी मागं ऱ्हातं. सांग त्यांला, आमी कुनीच येत न्हाई म्हनावं."

"आई… एवढं एकदाच होतं गं माझं."

"ठावं हाय मला. लई वाईट वाटतंय. तरी बी सांग."

राजनंदिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं फोन कानाला लावला, पण तिच्या आधी ती पोरगीच बोलायला लागली.

"मॅडम, अजून एक राहिलं. परतीची तिकिटं काका तीनच काढा म्हणाले. सोमेश्वर, सुनिता आणि त्यांचं स्वतःचं. मी विचारलं, राजनंदिनी मॅडमचं का नको? तर म्हणाले, तिला परत यायचं नाहीये."

पलीकडचं कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून राजनंदिनीनं फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही, वहिनीला नाही. सुपारी फुटली त्या दिवशी सगळे इतके खुशीत होते की ती नको म्हणू शकली नव्हती. तेव्हापासून रोज ते छायाचित्र काढून ती बघायची आणि मनातल्या मनात म्हणायची, एकदा तिथं पोचले की खाली उतरायचंच नाही. ओठांवर हे कधी आलं नव्हतं. तिला भीती वाटली. आणि त्या भीतीच्या खाली, कितीतरी महिन्यांनी, तिला बरंही वाटलं. कुणाला तरी माहीत होतं.

"मॅडम? काढू का मग तुमचं परतीचं तिकीट?"

देवळीतला दिवा हलत नव्हता. तिघंही तिच्याकडे बघत होते. मुक्ताबाईनं मानेनंच खुणावलं, सांग.

"नको," राजनंदिनी फोनमध्ये म्हणाली. "राहू द्या."

मुक्ताबाईनं सुस्कारा सोडला. "बेस केलंस, बाय माझी," असं म्हणून तिनं लेकीच्या पाठीवरून हात फिरवला आणि चहा ठेवायला आत गेली.